अडकलेला पैसा शोधणारा माणूस: निर्माते इस्माईल मर्चंट यांचं प्रकरण

१९६३ साली ‘द हाउसहोल्डर’ तयार झाला तेव्हा त्याच्या निर्मात्याकडे विकायला एक चित्रपट होता आणि फेडायला देणी होती. चित्रपट इंग्रजी, काळा-पांढरा, सगळा दिल्लीत चित्रित केलेला. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. लघुपट त्यांनी केले होते, पण कथापट हा पहिलाच. लेखिका रूथ प्रवर झाबवाला यांचं कादंबरीकार म्हणून नाव होऊ लागलं होतं, पण पटकथा त्यांनी पहिल्यांदाच लिहिली होती. नायक शशी कपूर, ज्यांचं हिंदीत अजून बस्तान बसायचं होतं. आणि निर्माते इस्माईल मर्चंट, वय वर्षं २६, मुंबईचे.

भारतात इंग्रजी चित्रपटाला प्रेक्षक कुठला? हे ओळखून त्यांनी त्याच शूटिंगमध्ये ‘घरबार’ नावाची हिंदी आवृत्तीही चित्रित करून ठेवली होती. अमेरिकेत प्रेक्षक असता, पण तिथल्या वितरकाने ही नावं ऐकलेली नव्हती. बँक अशा मालावर कर्ज देत नाही, आणि खाजगी फायनान्सर देतो तेव्हा कोणत्या व्याजाने देतो ते या धंद्यात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चित्रपट पूर्ण झाला म्हणजे निर्मात्याची कसोटी संपली असं बाहेरच्यांना वाटतं. खरी कसोटी पहिल्या कॉपीनंतर, म्हणजे दाखवण्याजोगी पहिली प्रत हातात आल्यानंतर लागते. निर्मितीच्या हिशेबाच्या वह्या मी बरीच वर्षं पाहत आले आहे, आणि चांगले चित्रपट याच टप्प्यावर गोदामात जाऊन पडलेले पाहिले आहेत. म्हणून मर्चंट यांच्या कारकिर्दीतला हा प्रसंग मला त्यांच्या चित्रपटांच्या सगळ्या ऑस्करपेक्षा अभ्यासण्याजोगा वाटतो. त्यांनी यातून वाट काढली, ती वाट पुढे बंद झाली तेव्हा दुसरी काढली, आणि हे चाळीसहून अधिक वर्षं चाललं.

माणूस कुठला

इस्माईल नूरमोहम्मद अब्दुल रहमान यांचा जन्म २५ डिसेंबर १९३६ चा, मुंबईतला. वडील कापडाचे व्यापारी. घरात बहिणी सहा आणि हा एकुलता एक मुलगा. वडील मुस्लिम लीगचे पुढारी होते, तरी फाळणीच्या वेळी त्यांनी पाकिस्तानात जायला नकार दिला आणि कुटुंब मुंबईतच राहिलं. त्या दिवसांतल्या दंगली इस्माईल कधी विसरले नाहीत. वयाच्या नवव्या वर्षी या मुलाने हजारोंच्या सभेत भाषण ठोकलं होतं. पुढे वितरक, बँकर, संस्थानिक, राजदूत, कुणाच्याही दारात बेधडक उभं राहण्याचं बळ कुठून आलं याचा अंदाज इथे येतो.

सिनेमाची ओढ लावली ती अभिनेत्री निम्मी यांनी. तेरा वर्षांच्या इस्माईलशी त्यांची मैत्री जमली, त्यांच्याबरोबर तो मुंबईचे स्टुडिओ हिंडला. सेंट झेवियर्समधून पदवी घेऊन बाविसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेले ते मात्र चित्रपट शिकायला नव्हे. न्यूयॉर्क विद्यापीठातून त्यांनी व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली. खर्च भागवायला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात निरोप्याचं काम करायचे, आणि कागद पोचवता पोचवता तिथल्या भारतीय प्रतिनिधींना आपल्या चित्रपटांत पैसे घालायला पटवायचे. भांडवल नसलेल्या माणसाने पैसा असलेल्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नोकरी धरली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्यांचा पहिला लघुपट ‘द क्रिएशन ऑफ वुमन’ फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत जेम्स आयव्हरी यांच्या भारतीय लघुचित्रांवरच्या माहितीपटाचा खेळ होता. तिथे दोघांची गाठ पडली. त्याच वर्षी मे महिन्यात ‘मर्चंट आयव्हरी प्रॉडक्शन्स’ उभी राहिली. भारतात इंग्रजी चित्रपट काढायचे आणि ते जगाच्या बाजारात विकायचे, एवढा एकच हेतू होता. दोघं आयुष्याचेही जोडीदार झाले आणि मर्चंट यांच्या मृत्यूपर्यंत सोबत राहिले.

‘हाउसहोल्डर’ची जुळवाजुळव

आधी एक वेगळाच चित्रपट ठरला होता, गुजरातमधल्या खेड्यावरचा. पैसे उभे राहिले नाहीत, तो बारगळला. पण त्यासाठी शशी कपूर आणि लीला नायडू यांच्याशी बोलणी झालेली होती. माणसं हाताशी आहेत, विषय नाही, अशा अवस्थेत मर्चंट झाबवालांच्या कादंबरीकडे वळले.

रूथ झाबवाला जन्माने जर्मन ज्यू. १९३९ मध्ये कुटुंब नाझींपासून सुटून इंग्लंडला आलं. पुढे पारशी वास्तुविशारद सायरस झाबवाला यांच्याशी लग्न करून त्या दिल्लीत राहायला आल्या. मर्चंट यांचा फोन आला तेव्हा सिनेमावाल्यांची ब्याद नको म्हणून त्यांनी आपण रूथची सासू बोलत आहोत असं सांगून पाहिलं. मर्चंट हटले नाहीत. पटकथा मी कधी लिहिलेली नाही, असं त्या म्हणाल्या, तर आम्हीही कथापट कधी काढलेला नाही, असं त्यांचं उत्तर. या फोनमधून निघालेली भागीदारी चाळीस वर्षांहून जास्त टिकली आणि झाबवालांना दोन ऑस्कर देऊन गेली. बुकर पारितोषिक आणि ऑस्कर दोन्ही मिळवणाऱ्या लेखिकेचा चित्रपटाशी संबंध आला तो एका निर्मात्याच्या चिवटपणामुळे.

कथा साधी आहे. प्रेम हा दिल्लीतल्या एका खाजगी कॉलेजातला तरुण मास्तर. नवं लग्न, बायको गरोदर, पगार अपुरा. मुख्याध्यापकाकडे पगारवाढ मागायची आणि घरमालकाकडे भाडं कमी करायची विनंती करायची, दोन्ही ठिकाणी जीभ रेटत नाही. त्यात आई मुक्कामाला येते आणि सासू-सुनेचं वाजतं. ही आई केली आहे दुर्गा खोटे यांनी. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामतीपासून दुर्गाबाईंना ओळखणाऱ्या मराठी प्रेक्षकाने हा चित्रपट त्यांच्यासाठी तरी पाहावा. मुलाच्या घरात शिरल्याबरोबर प्रत्येक वस्तूवर नजर फिरवणारी, सुनेच्या हातच्या कशालाही बरं न म्हणणारी ही बाई त्या इतक्या सहज उभी करतात की इंग्रजी संवादातही ती आपल्याच ओळखीची वाटते.

कॅमेरा सुब्रत मित्र यांच्याकडे होता, म्हणजे सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे छायाचित्रकार. मर्चंट यांची पारख इथे दिसते. पैसे थोडे असतील तर ते कुठे घालायचे? छायाचित्रणात. पडद्यावर दारिद्र्य दिसलं तर चालेल, निर्मितीचं दारिद्र्य दिसता कामा नये. सेट बांधायला पैसे नव्हतेच, खरीखुरी घरं, गच्च्या आणि रस्ते वापरले.

संकलित चित्रपट हातात आला तेव्हा मात्र तो लांबला होता, पकड घेत नव्हता. नवखा निर्माता इथे बहुधा दोनपैकी एक करतो. दिग्दर्शकावर भरवसा ठेवून तसाच बाजारात नेतो, किंवा स्वतः कात्री हातात घेतो. मर्चंट आणि आयव्हरी चित्रपट घेऊन कलकत्त्याला राय यांच्याकडे गेले. कुणी मध्ये बोलायचं नाही, या अटीवर राय काम करायला तयार झाले. त्यांनी नव्याने संकलन केलं, गोष्टीला फ्लॅशबॅकची चौकट दिली, आणि चित्रपट आवरून सावरून उभा राहिला. राय तेव्हा जगन्मान्य होते. त्यांनी या अनोळखी पोरांसाठी वेळ का काढला याचं मला अजून अप्रूप आहे. मर्चंट यांनी ही परतफेड पुढे केली, ती पुढे येईलच.

न्यूयॉर्कला न जाऊ शकणारे रुपये

आता प्रकरणाचा गाभा.

स्वातंत्र्यानंतर भारतात परकीय चलनाची सततची चणचण होती. अमेरिकन कंपन्या इथे आपले चित्रपट लावत, तिकिटबारीवर रुपये जमत, पण त्यातला थोडाच हिस्सा डॉलर करून मायदेशी नेता येत असे. बाकीची रक्कम भारतातल्या बँकांत पडून राही. ती भारतातच आणि सरकारच्या मुभेनुसारच खर्च करता येत होती. कंपनीच्या जमाखर्चात हा पैसा दिसायचा, पण न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीला त्याचा उपयोग शून्य. अशा पैशाला ‘फ्रोझन रुपीज’ म्हणत, गोठलेले रुपये.

कोलंबिया पिक्चर्सकडे असे रुपये होते. ‘हाउसहोल्डर’चे जगभराचे हक्क कोलंबियाने याच पैशातून घेतले.

या व्यवहारात दोन्ही बाजूंना काय मिळालं ते नीट मांडू. कोलंबियाच्या दृष्टीने हा जवळजवळ फुकटचा चित्रपट होता, कारण डॉलर एकही द्यावा लागला नाही. उलट गोठलेल्या रुपयांचं रूपांतर अशा वस्तूत झालं जी पेटीत घालून न्यूयॉर्कला नेता येते आणि तिथे डॉलर कमावू शकते. चित्रपटाचे डबे सीमेवर कुणी अडवत नव्हतं. मर्चंट यांच्या दृष्टीने पाहा. त्यांची देणी कुठे होती? भारतात. लॅब भारतातली, युनिट भारतातलं, कलाकार भारतातले. त्यांना डॉलर नकोच होते. जो पैसा मालकाला निरुपयोगी, तोच यांना रोख.

एखाद्याकडे पैसा आहे पण तो हलवता येत नाही, आणि आपल्याला तो जिथे पडून आहे तिथेच हवा आहे, हे हेरणं म्हणजे निर्मात्याचं काम. गुंतवणूकदारापुढे कलेची महती गाऊन पैसे मिळत नाहीत. त्याची अडचण सोडवली तर मिळतात. आपल्याकडचे कितीतरी होतकरू निर्माते पटकथेची फाईल घेऊन दारोदार फिरतात, पण समोरच्याला काय अडलं आहे हे विचारत नाहीत. मर्चंट यांची व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी इथे कामी आली असं मला वाटतं.

किंमत मोजावी लागलीच. पहिल्या चित्रपटाचे जगभराचे हक्क गेले. हक्क सोडणं चूक होतं का? माझ्या मते नाही. त्या बदल्यात देणी फिटली, भारतात तयार झालेला आपला चित्रपट एका बड्या अमेरिकन कंपनीच्या नावाने जगात गेला, आणि पुढच्या चित्रपटासाठी हातात पैसे उरले. आधीची चार नावं जी कुणाला माहीत नव्हती, त्यांना आता ‘कोलंबियाने घेतलेल्या चित्रपटाचे लोक’ अशी ओळख मिळाली. पहिल्या चित्रपटात एवढं पदरात पडत असेल तर हक्क द्यावेत. दुसऱ्या-तिसऱ्यातही तेच करत राहिलं तर निर्माता आयुष्यभर कंत्राटदार राहतो.

‘शेक्सपियरवाला’

उरलेल्या पैशातून काढलेला ‘शेक्सपियरवाला’ १९६५ चा. खर्च सुमारे ८० हजार डॉलर. रंगीत परवडत नव्हता, म्हणून पुन्हा काळा-पांढरा.

निर्मितीच्या बाजूने हा चित्रपट मला त्यांचा सगळ्यात हुशारीचा वाटतो. इंग्रज नट जेफ्री केंडल यांची ‘शेक्सपियराना’ ही फिरती नाटकमंडळी भारतभर शाळांत, संस्थानिकांच्या वाड्यांत शेक्सपियरचे प्रयोग करायची. स्वातंत्र्यानंतर त्यांचा प्रेक्षक ओसरत गेला, लोक हिंदी सिनेमाकडे वळले. केंडल यांच्या डायरीवरून झाबवाला आणि आयव्हरी यांनी कथा रचली आणि भूमिका खुद्द केंडल कुटुंबाला दिल्या: जेफ्री, पत्नी लॉरा, धाकटी मुलगी फेलिसिटी. थोरली जेनिफर शशी कपूर यांची पत्नी, तीही त्यात आहे. नायक अर्थातच शशी.

म्हणजे असं पाहा. चित्रपटात शेक्सपियरचे प्रवेश आहेत, आणि ते ज्यांना झोपेतही पाठ आहेत असे नट आहेत. तालमींचा खर्च नाही. नायक घरचा जावई. एखाद्या लाइन प्रोड्यूसरने कागद-पेन्सिल घेऊन स्वस्तात काय काय जमेल याची यादी करावी, आणि त्या यादीतूनच एक सुंदर कथा निघावी, असं क्वचित घडतं. एका मावळत्या नाटकमंडळीची आणि तिच्या जागी येऊ घातलेल्या सिनेमाची ही गोष्ट आहे. सिनेतारका मंजुळा नाटकाला येते आणि प्रेक्षक रंगमंच सोडून तिच्याकडे माना वळवतात, तो प्रवेश आमच्या संगीत नाटकाच्या पडत्या काळाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या कुणालाही टोचेल. मंजुळा झालेल्या मधुर जाफरी यांना १९६५ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. संगीत सत्यजित राय यांचं.

बर्लिननंतर मर्चंट यांना दारं ठोठवावी लागली, पण आता ती उघडत होती.

वाट बंद होते

गोठलेल्या रुपयांचा प्रयोग पुन्हा झाला, ‘द गुरू’साठी, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सबरोबर. १९६९ चा हा चित्रपट रंगीत होता, मोठा होता, उत्पल दत्त सतारीच्या उस्तादांच्या भूमिकेत होते, आणि तो चालला नाही. पाठोपाठ १९७० मध्ये ‘बॉम्बे टॉकी’. त्याची श्रेयनामावली मुंबईच्या रस्त्यांवरच्या रंगवलेल्या फलकांवर झळकते, आणि एका गाण्यात हेलन आणि शशी कपूर भल्यामोठ्या टाइपरायटरच्या कळांवर नाचतात. गमतीचा चित्रपट. पण धंदा त्यानेही केला नाही.

या पैशाची मर्यादा त्याच्या स्वभावातच होती. तो भारतातच खर्चायचा, म्हणून चित्रपट भारतातलेच काढायचे. कथा सुचण्याआधी तिचं ठिकाण ठरलेलं. शिवाय पैसा स्टुडिओचा असला की निर्णयही हळूहळू तिकडे सरकतो. १९७५ चा ‘द वाइल्ड पार्टी’ हा त्याचा कडवट अनुभव. तो अमेरिकेत काढला, अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सबरोबर, रॅकेल वेल्च नायिका. कंपनीने चित्रपट आपल्या मर्जीने कापला आणि दिग्दर्शकाला ओळखू येईना असा बाजारात आणला. यानंतर बराच काळ मर्चंट बड्या अमेरिकन कंपन्यांच्या थेट पैशापासून लांब राहिले.

मग पैसा आणायचा कुठून? इथून त्यांची दुसरी पद्धत सुरू झाली: एका मोठ्या धन्याऐवजी चार-पाच छोटे. ब्रिटिश दूरचित्रवाणीकडून थोडा, ब्रिटनच्या सरकारी चित्रपट महामंडळाकडून थोडा, आगाऊ वितरण हक्कांपोटी थोडा. लंडन वीकेंड टेलिव्हिजनच्या पैशातून त्यांनी जोधपूरच्या उमेद भवनात चित्रपट केला. १९७९ चा ‘द युरोपियन्स’ कानच्या स्पर्धेत गेला. कुणा एकाचा वाटा इतका मोठा नसायचा की तो कात्री मागेल. हे सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात पाच करारनामे, पाच वकील, पाच वेगवेगळ्या तारखांना येणारे हप्ते, आणि त्यातला एक चुकला की सगळं शेड्यूल कोसळतं.

१९८३ च्या ‘हीट अँड डस्ट’च्या वेळी हे झालंच. हैदराबादेत शूटिंग चालू असताना पैसे आटले, लोकांचे मेहनताने थकले. चित्रपट पूर्ण झाला, ब्रिटनमध्ये चांगला चालला. पण ते आठवडे युनिटने उधारीवर काढले.

याच जागी मला थोडं थांबायचं आहे, कारण मर्चंट यांच्याविषयी कौतुकाने लिहिणारे इथून पटकन पुढे सरकतात. थकलेले पैसे ही त्यांच्या कंपनीतली नेहमीची गोष्ट होती. त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०२३ च्या माहितीपटात मोकळेपणाने सांगितली आहे. कलाकारांना बाजारभावापेक्षा कमी मिळे, आणि तेही उशिरा. एजंट संतापत. मर्चंट यायचे, हसायचे, गळ्यात पडायचे, आणि सुटीच्या दिवशी स्वतः स्वयंपाकघरात उभे राहून अख्ख्या युनिटला जेवू घालायचे. त्यांच्या हातच्या डाळीची आणि मसालेदार रश्शांची कीर्ती एवढी की त्यांनी पाककृतींची पुस्तकंही लिहिली. त्या जेवणावळीत खरा जिव्हाळा होता, याबद्दल मला शंका नाही. खर्च वाचवून त्या पैशांनी त्यांनी गाड्या उडवल्या नाहीत, सगळा पैसा पडद्यावर गेला हेही खरं. तरीही जेवण म्हणजे पगार नव्हे. नामवंत नट सहा महिने थांबू शकतो, लाइटमन आणि स्पॉटबॉय थांबू शकत नाही. स्वतंत्र सिनेमाच्या नावाखाली ही सवय आपल्याकडेही रुजली आहे, आणि मर्चंट यांचं उदाहरण देऊन तिचं समर्थन करणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्याकडून बाकी सगळं घ्यावं, हे घेऊ नये.

एका पडद्यावरून सुरुवात

‘अ रूम विथ अ व्ह्यू’ १९८५ मध्ये सुमारे ३० लाख डॉलरमध्ये झाला. पैसे ब्रिटिश चित्रपट कंपनी गोल्डक्रेस्ट, चॅनेल फोर वाहिनीची फिल्म फोर, ब्रिटिश महामंडळ आणि अमेरिकेतली छोटी वितरण कंपनी सिनेकॉम असे वाटून आले होते. अमेरिकेतच त्याने २ कोटी डॉलरहून अधिक कमावले. आठ नामांकनं, तीन ऑस्कर.

१९९२ चा ‘हॉवर्ड्स एंड’ याहून मोठं काम. खर्च ८० लाख डॉलर, त्यात जपानी गुंतवणूकही होती. अमेरिकेत तो वितरित केला सोनी पिक्चर्स क्लासिक्सने, आणि त्या कंपनीचा तो पहिला चित्रपट. मार्च १९९२ मध्ये तो शेकडो पडद्यांवर लावला नाही. न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरमधून सुरुवात केली आणि बोलबाला होईल तसतसे पडदे वाढवत नेले. जाहिरातीवर एकदम पैसा ओतावा लागला नाही, आधीच्या आठवड्याची कमाई पुढच्या आठवड्याच्या प्रिंटना पुरत गेली. नऊ नामांकनं मिळाली तेव्हा चित्रपट अजून लोकांच्या डोळ्यांपुढे होता. अमेरिकेतली कमाई अडीच कोटी डॉलरच्या पुढे गेली. एमा थॉम्पसन, झाबवाला आणि कलादिग्दर्शन अशी तीन ऑस्कर आली.

हे सगळं आपल्याकडे जमेल असं मी म्हणत नाही. मराठी चित्रपटाला शुक्रवारी दुपारचा एक खेळ मिळतो आणि सोमवारी तो उतरवला जातो. तोंडोतोंडी पसरायला चित्रपट पडद्यावर टिकावा लागतो. पण थोड्या पडद्यांवर जास्त आठवडे मागण्याची बोलणी करणारे निर्मातेही मी कमीच पाहिले आहेत.

पुढचा काळ भराभर सांगता येईल. कोलंबियाच्या पैशातून ‘द रिमेन्स ऑफ द डे’, आठ नामांकनं. डिस्नेच्या टचस्टोनबरोबर ‘जेफरसन इन पॅरिस’, खर्च १ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात आणि तिकिटबारीवर धूळधाण. वॉर्नरबरोबर ‘सर्व्हायव्हिंग पिकासो’, तोही पडला. पैसा मुबलक असताना त्यांचे चित्रपट पांगळे का झाले, यावर मतं वेगवेगळी असतील. मला दिसतं ते असं, की चणचणीमुळे जी काटेकोर निवड करावी लागायची ती गेली.

याच काळात ते स्वतः कथापटांच्या दिग्दर्शनाकडे वळले. भोपाळमध्ये चित्रित केलेला ‘मुहाफिज’, शशी कपूर, ओम पुरी, शबाना आझमी. एका म्हाताऱ्या उर्दू शायराची ही कथा करायला कोणताही हिशेबी निर्माता धजावला नसता. आणि १९९५ मध्ये सत्यजित राय यांच्या नऊ चित्रपटांच्या दुरुस्त प्रती अमेरिकेत प्रदर्शित झाल्या, त्यामागे सोनी क्लासिक्सबरोबर मर्चंट आयव्हरी होते. कलकत्त्याच्या संकलनाच्या खोलीतलं ऋण असं फेडलं गेलं.

सन २००० चा ‘द गोल्डन बोल’ मात्र वेगळा सांगायला हवा. अमेरिकेतले हक्क मिरामॅक्स या वितरण कंपनीकडे होते. कंपनीने काटछाट मागितली. १९७५ मध्ये अशाच मागणीपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. या वेळी मर्चंट यांनी पैसे मोजून चित्रपट परत विकत घेतला आणि लायन्स गेटकडे नेला. धंद्याच्या हिशेबात हा तोट्याचा सौदा म्हणता येईल. मला तो त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात अभिमानाचा वाटतो.

त्यांच्यामागे

२००२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००४ मध्ये शांघायला ‘द व्हाइट काउंटेस’चं शूटिंग झालं. तो प्रदर्शित होण्याआधीच, २५ मे २००५ रोजी, लंडनमध्ये शस्त्रक्रियेनंतर मर्चंट गेले. मृतदेह मुंबईला आणला आणि मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झालं.

पुढचा चित्रपट ‘द सिटी ऑफ युअर फायनल डेस्टिनेशन’ आयव्हरी यांनी त्यांच्याशिवाय केला. कथा झाबवालांची पटकथा होऊन आलेली, नट अँथनी हॉपकिन्स, शूटिंग अर्जेंटिनात. सगळं तेच होतं. पैसे अडकले, मानधन मिळालं नाही म्हणून हॉपकिन्स यांनी २००७ मध्ये दावा लावला, आणि चित्रपट अमेरिकेत लागायला २०१० उजाडलं. मर्चंट असतानाही पैसे थकत, पण तेव्हा शेवटी कुठून तरी येत. कंपनीच्या कागदपत्रांत पैसा आणण्याची रीत कुठेच लिहिलेली नव्हती, ती एका माणसाच्या ओळखीपाळखीत आणि जिभेवर होती. चाळीस वर्षांत त्यांनी आपल्या जागी उभा राहील असा माणूस तयार केला नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात महाग पडलेला निर्णय.

चित्रपट मात्र उरले. २०१५ मध्ये कोहेन मीडिया ग्रुपने मर्चंट आयव्हरीचा संग्रह घेतला: २१ चित्रपट आणि ९ माहितीपट. ‘हॉवर्ड्स एंड’, ‘मॉरिस’, ‘हीट अँड डस्ट’ यांच्या नव्या प्रती निघाल्या आणि पुन्हा थिएटरांत लागल्या. ते तसे विकता आले, कारण हे हक्क चार-पाच छोट्या धन्यांकडून पैसे उभे करत करत कंपनीने स्वतःकडे राखले होते किंवा परत मिळवले होते.